पेपरवाल्याचं घर : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण सांगितलं होतं की पत्रकारांच्या घरच्यांनी लिहावं, बायको, नवरा, मुलं, आईवडील कोणीही. पत्रं भरपूर आली. काही बातमीदारांनी स्वतः लिहिलं पण जास्त करून घरच्यांनीच लिहिलं आणि ते फार बरं झालं, कारण पेपरवाल्याबद्दल बोलायचं म्हटलं की त्याच्या लेखणीबद्दलच बोललं जातं, मध्यरात्री त्याच्यासाठी दार उघडणाऱ्या माणसाबद्दल कोणी काही लिहीत नाही. मी आयुष्यभर डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या नीट करून पानं लावतात तिथे, काम केलंय त्यामुळे जे बघितलं तेच सांगतोय. पत्र पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर एका दैनिकात उपसंपादक आहेत. रात्री अडीचला येतात, दुपारपर्यंत झोपतात. मुलगी सकाळी शाळेत जाते आणि ती परत येते तोवर हे ऑफिसला निघालेले असतात. ती पहिलीत आहे. परवा वर्गात बाईंनी विचारलं तुझे बाबा काय करतात, तर म्हणाली झोपतात. सगळे हसले म्हणे, पण मला ते फार लागलं. माणूस चांगला आहे, आमच्यावर जीव आहे, पण घरात असतच नाही. काय करू?

ताई, हे उत्तर तुमच्या मिस्टरांनाही वाचायला द्या, दुपारी उठले की.

आधी त्यांची रात्र कशी जाते ते सांगतो कारण डेस्कवाली माणसं घरी येऊन हे कधी सांगत नाहीत, त्यांना वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे. संध्याकाळी मीटिंग होते, मग डाक आवृत्तीची पानं लावायची, म्हणजे लांबच्या गावांना जाणारा पेपर, त्याची गाडी आधी निघते म्हणून ती पानं आधी सोडावी (छपाईला पाठवावी) लागतात. ती गेली की लगेच शहर आवृत्ती, त्यात बातम्या बदलायच्या, हेडिंग बदलायचं, फोटो बदलायचा, आणि साडेबाराला सगळं नीट लागलंय असं वाटत असताना कुठेतरी मोठा अपघात होतो नाहीतर मॅच लांबते आणि लावलेलं पान मोडून परत लावायचं. त्या तासाभरात घरून फोन गेला तर माणूस तुटकच बोलणार, तो राग तुमच्यावरचा नसतो. पान सुटल्यावर सुद्धा डोकं लगेच शांत होत नाही, हेडिंगमध्ये चूक तर राहिली नाही ना हे घरी येऊन उशीवर डोकं टेकलं तरी चालूच असतं.

आता तुमच्या मुलीचं. माझं स्पष्ट मत आहे की मुलांना बाप चोवीस तास लागत नाही, पण तो ठरलेल्या वेळी लागतो. पेपरात वेळ कमी मिळतो हे खरंच आहे पण घरं त्याने मोडत नाहीत, "बघू", "आज जमलं तर", "या रविवारी नक्की" या तीन वाक्यांनी मोडतात. मुलीला जर माहीत असेल की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बाबा उठून मला बसपर्यंत सोडतो आणि मग परत येऊन झोपतो, तर बाकीचे दिवस ती सहज सोडून देईल. रोज उठा असं मी म्हणणार नाही, रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडली की त्याची तब्येत जाते आणि मग सगळ्या घरालाच ते निस्तरावं लागतं. दोन दिवस ठरवा, पण ते मोडायचे नाहीत, निवडणूक असली तरी नाही.

आमच्या डेस्कवर एक मुख्य उपसंपादक होते. रात्री पान सुटलं की टेबलावर प्रूफचे कागद पडलेले असायचे, एका बाजूला छापलेले आणि मागून कोरे. त्यातला एक कागद घेऊन ते मागच्या बाजूला मुलीला चार ओळी लिहायचे. आज पान एकवर हत्तीची बातमी आहे ती बघ, शेवटची ओळ मी लिहिलीये. किंवा, आज एका माणसाचं नाव चुकत होतं, मी पकडलं. बस एवढंच, आणि घरी जाऊन कागद तिच्या दप्तरात. सकाळी ते झोपलेले असायचे आणि ती पेपर उघडून बाबांची ओळ शोधत बसायची. त्या मुलीला बाबा काय करतात हे कोणाला विचारावं लागलं नाही. तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात आता प्रूफ कागदावर निघत नसतील तर साध्या वहीचं पान चालेल, पण हाताने लिहायला सांगा, मोबाईलवर मेसेज नको, पहिलीतल्या मुलीला कागद हातात लागतो.

आणि एक, त्यांना साप्ताहिक सुट्टी खरंच मिळते का ते विचारा. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा जो कायदा होता त्यात दर सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती सांगितलेली होती आणि त्या २४ तासांत रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ आलाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं की पेपरवाल्याला रात्र घरी मिळाली तरच ती सुट्टी. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही हेही त्यात होतं, आणि १९५७ च्या नियमांत रात्रपाळी सलग एका आठवड्यापेक्षा जास्त लावायची नाही, पंधरवड्यातून एकच आठवडा लावायची, असं होतं. आता तो कायदा नव्या लेबर कोडमध्ये गेलाय आणि बरेच जण काँट्रॅक्टवर असतात, त्यामुळे बोलायला कचरतात हे मला माहितीये. पण डेस्कवरच्या चार जणांनी मिळून वृत्तसंपादकाला नाइटचं रोटेशन मागितलं तर ते मिळतं, मी मिळालेलं बघितलंय. एकट्याने मागितलं की ती तक्रार वाटते, चौघांनी मागितलं की त्याचं वेळापत्रक होतं.

प्रश्न : जुने मोठे संपादक घरादाराकडे बघायचेच नाहीत असं ऐकलंय. आमचे साहेब पण तेच उदाहरण देतात की पेपर चालवायचा तर संसार विसरावा लागतो. हे बरोबर आहे का? (एक तरुण वार्ताहर)

नाही, बरोबर नाही आणि साहेबांनी उदाहरण अर्धंच सांगितलंय.

त्या लोकांनी संसाराची झीज सोसली हे खरं. पण ते संसार विसरले नव्हते, उलट ती झीज त्यांच्या मनात सतत होती आणि त्यांनी ती कबूल केलीये. बाबासाहेब आंबेडकरांचं बघा. १९२० मध्ये मूकनायक, १९२७ मध्ये बहिष्कृत भारत, आणि या दुसऱ्या पत्राच्या वेळी तर हाताशी माणसं नाहीत, पैसा नाही, अंकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून काढायचे. त्याच बहिष्कृत भारतात त्यांनी वाचकांना सांगितलंय की आपण परदेशात असताना जिने प्रपंचाचा भार वाहिला, आणि आपण परत आल्यावरच्या हलाखीत डोक्यावरून शेणीचे भारे आणले, त्या रमाबाईंच्या सहवासात आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता येत नाही. स्वतःच्या पत्रात, चारचौघांसमोर, असं लिहिणारा माणूस घर विसरलेला असेल का? मला तर तो मजकूर वाचताना दर वेळी थांबावं लागतं. पेपर वर्गणीवर चालतो असं आपण म्हणतो पण ते पत्र किती प्रमाणात रमाबाईंवर चाललं होतं हे संपादकाने स्वतःच लिहून ठेवलंय.

आगरकर घ्या. एम.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती पण त्यांनी आईला पत्राने कळवलं की मी पोटापुरत्या पैशावर राहणार आणि बाकी वेळ लोकांसाठी घालवणार. लक्षात घ्या, त्यांनी ते आईला कळवलं. तिच्या मनात काय आशा असेल हे त्यांना ठाऊक होतं आणि ती परस्पर मोडू नये एवढी काळजी त्यांनी घेतली. १८८१ मध्ये केसरी सुरू झाला तेव्हा संपादक तेच, पुढच्याच वर्षी टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, मग १८८८ मध्ये स्वतःचा सुधारक. त्यातल्या लिखाणावर चिडून लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आता हे यशोदाबाईंच्या बाजूने बघा जरा, नवरा घरात जिवंत आहे आणि रस्त्यावरून त्याची तिरडी चाललीये. त्या स्वतः जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या, नवऱ्याची मतं पूर्ण उलटी, पण आगरकरांनी बायकोवर कधी सक्ती केली नाही. ज्याने सगळ्या महाराष्ट्राशी भांडण घेतलं त्याने घरात भांडण लादलं नाही, मला आगरकर त्यासाठी फार मोठे वाटतात. १८९५ मध्ये गेले तेव्हा चाळिशीही पुरी झाली नव्हती.

टिळक मंडालेला असताना १९१२ मध्ये सत्यभामाबाई इकडे वारल्या, ते १९१४ मध्ये सुटून आले. लेखांसाठी झालेली ती शिक्षा, पण भोगली दोघांनी.

आणि घर पेपरात उतरल्याचीही उदाहरणं आहेत. दीनबंधूचे संपादक वासुदेवराव बिर्जे गेले तेव्हा त्यांच्या पत्नी तानुबाईंनी संपादकपद घेतलं आणि पुढे काही वर्षं पत्र चालवलं. त्या काळात एका बाईने अग्रलेख लिहायचे म्हणजे काय असेल विचार करा. अत्र्यांनी १९५६ मध्ये मराठा काढला, त्यात त्यांची मुलगी शिरीष पै काम करायची. अशा घरांत पेपर परका नव्हता, त्याच्यावर जेवताना बोलणं व्हायचं.

तर साहेबांना सांगा की संसार विसरून नाही, संसाराच्या जीवावर पेपर चालला. आणि ज्याच्या जीवावर चाललं त्याला वेळ मागायचा हक्क असतो.

प्रश्न : मी क्राइम बीट करतो, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या. लग्न ठरतंय. मुलीला माझ्या कामाचं किती सांगू? आई म्हणते जास्त सांगू नको, मोडेल.

सगळं सांग. पगार सांग, तो कधी उशिरा होतो तेही सांग, रात्री दोनला फोन येतो आणि पोलीस स्टेशनला जावं लागतं हे सांग, सण असला तरी बंदोबस्ताची बातमी असते हे सांग. जमलं तर एक दिवस तुझ्या ऑफिसात तिला चहाला बोलव, तिला माणसं दिसू देत. पेपरला वर्षातून मोजक्याच सुट्ट्या असतात, १५ ऑगस्टला ऑफिस बंद म्हणून १६ ला पेपर नाही अशा, त्या कोणत्या ते आत्ताच तिला दाखव आणि त्या दिवशी मित्रांबरोबर जाणार नाही असं ठरव. हे ऐकून मोडायचं असेल तर आत्ता मोडलेलं बरं. पण माझा अनुभव असा की खरं सांगितलेलं मुली समजून घेतात, लग्नानंतर कळलेलं नाही घेत.

तुझ्या आईंची भीती मला कळते, त्यांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न : मी तालुक्याचा वार्ताहर आहे, पगार नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. पेपरची एजन्सी पण आमचीच, पहाटे गाडी आली की बायको आणि मुलगा गठ्ठे सोडतात, पुरवण्या भरतात, मुलगा लाइन टाकून, म्हणजे घरोघरी पेपर टाकून, शाळेत जातो. मागच्या महिन्यात वाळूची बातमी दिली तर घरी येऊन धमकी दिली, मी नव्हतो, बायको एकटी होती. ती म्हणते बातम्या सोडा, एजन्सी ठेवा. मी काय करावं?

दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

शहरातल्या पत्रकाराच्या घरचे पेपर वाचतात, तालुक्यातल्या पत्रकाराच्या घरचे पेपर चालवतात, हा फरक ऑफिसात बसलेल्यांना लवकर कळत नाही. पहाटे चार वाजता एसटी स्टँडवर थंडीत गठ्ठ्याची सुतळी कापणारी तुमची बायको ही त्या पेपरची तुमच्याइतकीच कर्मचारी आहे, फक्त तिचं नाव कुठल्या कागदावर नाही. म्हणून पहिली गोष्ट, तिचं म्हणणं भित्रेपणा म्हणून उडवून लावू नका. धमकी तिने ऐकलीये, दारात ती उभी होती.

पण बातम्या सोडा असं मी लगेच म्हणणार नाही. आधी हे करा. धमकीची पोलिसात लेखी तक्रार द्या, तोंडी नको, आणि पोच घ्या. तक्रारीत बायकोचा जबाब असू द्या. महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, पत्रकारावर काम करताना हिंसा झाली तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. नुसत्या धमकीला हे कलम लागेल का ते तक्रारीत काय लिहिता त्यावर बरंच ठरतं, म्हणून वकिलाला दाखवून लिहा. पेपरच्या जिल्हा कार्यालयाला त्याच दिवशी ईमेल करा म्हणजे तुम्ही कोणासाठी काम करत होतात याचा पुरावा राहतो, पगार नसलेल्या वार्ताहराला हाच पुरावा नंतर मिळत नाही. तालुक्यातल्या बाकीच्या पेपरवाल्यांनाही सांगा. एकच वाळूची बातमी तीन पेपरांत आली तर ती कोणा एकाच्या दारात येत नाही, बातमीतली चढाओढ एवढ्यापुरती बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ज्यांच्याकडून जाहिरात आणायची त्यांच्याबद्दलच बातमी द्यायची या कात्रीत तुम्ही रोज असता, आणि कमिशन थांबलं की घरचा किराणा थांबतो. मला यावर सोपा तोडगा सापडलेला नाही. एवढंच सुचवेन की जाहिरातीची वसुली आणि बातमी यांच्या वह्या वेगळ्या ठेवा, जमलं तर जाहिरातीचा व्यवहार बायकोच्या नावाने एजन्सी करून तिकडे द्या म्हणजे तिच्या कामाला नाव आणि हिशोब दोन्ही मिळेल. आणि मुलगा लाइन टाकतो ते त्याच्या परीक्षेच्या महिन्यात तरी बंद करा, एक पोरगा पगारावर ठेवा, तेवढं नुकसान सोसा.

एवढं करूनही घरात भीती राहिलीच तर काही महिने वाळूचा विषय जिल्ह्याच्या बातमीदाराकडे द्या, माहिती तुमची, नाव त्याचं. बायको रात्री नीट झोपत नसेल तर बायलाइनला, बातमीवरच्या नावाला, काही अर्थ नाही, आणि बातमी तर तशीही लोकांपर्यंत जातेच.

प्रश्न : वडील निवृत्त पत्रकार आहेत, ६८ वय. अजूनही रात्री दोनपर्यंत जागे, टीव्हीवर बातम्या. आम्ही बोलायला गेलो की चिडतात. आई गेल्यापासून जास्तच. त्यांनी आयुष्यभर आमच्यासाठी राबून आम्हाला शिकवलं पण त्यांच्याशी काय बोलावं ते आम्हा भावंडांना कळत नाही.

त्यांना झोपवायचा प्रयत्न सोडा, चाळीस वर्षांची सवय आहे ती. तुमच्यापैकी एकाने आठवड्यातून एकदा रात्री अकराला त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं आणि बातम्यांबद्दलच विचारायचं, ही बातमी तुम्ही असता तर कशी लावली असती, हेडिंग काय दिलं असतं. तब्येत कशीये, गोळी घेतली का हे त्या वेळी विचारायचं नाही. पेपरच्या माणसाला तब्येतीवर बोलता येत नाही पण हेडिंगवर तो तासभर बोलेल आणि त्या बोलण्यात तुमची आई पण येईल बघा, कारण ती त्या सगळ्या रात्रींमध्ये होतीच.

दिवसासाठी त्यांना काम द्या. घरातली जुनी कात्रणं, पास, फोटो असतील, ते वर्षावार लावायला सांगा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायला सांगा, नातवाला टाइप करायला बसवा.

पैशाच्या बाजूचंही बघून ठेवा. राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर पत्रकार सन्मान योजना ज्येष्ठ पत्रकारांसाठी आहे, त्यात वयाची आणि अनुभवाच्या वर्षांची अट असते, आजारपणासाठी शंकरराव चव्हाण यांच्या नावाचा पत्रकार कल्याण निधी आहे. जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन फॉर्म आणा. नेमणुकीची पत्रं, जुन्या पगाराच्या स्लिप, सरकारचं पत्रकार म्हणून अधिस्वीकृती कार्ड असेल तर ते, हे सगळं शोधायला लागेल आणि ते वडिलांनाच माहीत असणार कुठे आहे. बरेच जण स्वतःहून अर्ज करत नाहीत, त्यांना मागणं जड जातं, तेव्हा अर्ज तुम्ही भरा आणि त्यांची फक्त सही घ्या.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला पेपर कसा छापतात ते दाखवायचंय, मी जाहिरात विभागात आहे. एवढ्या लहान मुलाला प्रेसमध्ये न्यावं का?

जरूर न्या, शनिवारी रात्री न्या म्हणजे सकाळी शाळा नाही. जायच्या आधी घरी त्याला रंगीत पानाच्या कडेला असलेले चार छोटे ठिपके दाखवा, निळा, गुलाबी, पिवळा, काळा. सगळे रंगीत फोटो या चारच शाईंतून होतात आणि प्रत्येकीची प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, वेगळी, म्हणजे एका रंगीत पानाला चार प्लेट लागतात हे सांगा. मग प्रेसमध्ये त्याला त्या प्लेट मशीनवर चढताना बघू द्या. सुरुवातीच्या प्रतींमध्ये रंग हललेले असतात, फोटोतल्या माणसाला दोन दोन ओठ दिसतात, त्या प्रती बाजूला टाकतात, त्यातली एक मागून घ्या आणि नंतरची चांगली प्रत शेजारी ठेवून त्याला फरक शोधू द्या. छपाई विभागाच्या प्रमुखाला आधी विचारून ठेवा, मशीनजवळ हात सोडायचा नाही, सैल कपडे घालायचे नाहीत आणि कानात इअरप्लग घाला, आवाज बराच असतो.